एकट्याची होडी

शेजारच्या काकांना प्रत्येक वस्तू बोटाच्या पेराने ठोकून पाहायची सवय. टरबूज, दार, त्यांची अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांचं टेबलसुद्धा. त्या दुखण्यानंतर काकूंनी त्यांचं एकट्यानं तलावावर मासे धरायला जाणं बंद केलं. "होडी घ्याची तं दोघांची घ्या, हा बसंल सोबत," म्हणून मला त्यांच्यामागे दुकानात धाडलं. मला! मागच्या खेपेला मी फेकलेला गळ काकांच्याच सदऱ्यात रुतला होता.

काका हवा भरायच्या रबरी होड्या ठोकत फिरले आणि सगळ्यात लहान होडीपाशी थांबले. दुकानदाराला म्हणाले, "ही दे गा, एकट्याची."

"काका, काकूंनी सांगितलंय..."

"दोघांच्या होडीत एक मासे धरते अन् दुसरा बोलते. दवाखान्यातून आलो तवापासून बोलनंच ऐकून राहिलो."

"अन् पाण्यात काही झालं तर?"

"मांगं झालं तवा घरातच बसलो होतो ना गा?"

 त्यांनी लाइफ जॅकेट मुकाट्यानं घेतलं, गळाची लांब काठी घेतली आणि एक आखूड काठी माझ्या हातात ठेवली.

"तू काठावर बस. काकूले सांग, नजर ठेवून राहिलो. अन् गळ पाण्यात टाक, माणसात नको."