वाटीत राहिलेला रोटर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा अंगारे, गंडेदोरे, नवस... सगळं घरातून एकदमच गेलं. त्यात मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. जे टेपनं मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. त्यामुळे पुढची हकीगत लिहिताना मलाच जरा लाजल्यासारखं होतंय.

आम्ही कळमनुरीला राहतो. लिलावात घेतलेली एक जुनी पेट्रोलची जीप माझ्याकडे आहे. ती दारात आणली त्या दिवशी बायको, शांताबाई, म्हणाली होती, "आवो, हिला तुमी घेतलं का हिनं तुमाला घेतलं?"

उन्हाळ्यात जीप शहाण्यासारखी वागायची. थंडी पडली की सकाळी रुसलीच. स्टार्टर दाबला की नुसतं खर्र-खर्र... मग हँडल मारा, मग गल्ली गोळा करून ढकला. शेजारचे किसनराव ओट्यावर घोंगडी पांघरून सल्ला द्यायचे, "सायेब, लिंबू-मिरची बांधा पुढं. नजर लागून राहिली गाडीला."

"किसनराव, हिचं रूप बघा एकदा. हिला कोण नजर लावील?"

गेल्या हिवाळ्यात मात्र हसण्यावारी नेता येईना. आमच्या सुनंदाची नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी नांदेडला मुलाखत होती, सकाळीच. आदल्या वर्षी बस वाटेत बंद पडली आणि पोरगी पोचेपर्यंत दार लागलं होतं. यंदा हुकली तर वयाच्या अटीत कायमची हुकली. आदल्या दिवशी जाऊन राहावं, तर नांदेडात आमचं कुणी नाही.

"बाबा, या खेपेला मी बसच्या भरवशावर नाही," ती म्हणाली.

"मग कुणाच्या?"

"तुमच्या."

भर थंडीत मला घाम फुटला. पण कंबर कसली.

आधी बॅटरी चार्ज करून आणली – फरक शून्य. प्लग काढून घासले – तेच. कार्बोरेटर उघडला, धुतला, परत बसवला आणि एक स्क्रू शिल्लक उरला. तो अजून रेडिओवर ठेवलेला आहे. मग एक गोष्ट ध्यानात आली... कोरडी थंडी असली की गाडी सुरू होते, दव पडलं की नाही. म्हणजे दोष थंडीचा नव्हेच, ओलीचा! पहाटे डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. आत पाण्याचे बारीक थेंब, आणि टोपीला केसाएवढी चीर. फडक्यानं कोरडी केली, बसवली, स्टार्टर दाबला... सुरू! गल्लीत नाचायचंच काय ते राहिलं.

नवी टोपी नांदेडला गेल्यावरच मिळणार. तोवर मी एक रीत बसवली. संध्याकाळी टोपी आणि तिच्याखालचा रोटर काढायचा, वाटीत घालून चुलीशेजारी ठेवायचा, सकाळी गरम-गरम परत बसवायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. तो टोपीत फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी वाटतो. तो नसला तर एकाही प्लगला ठिणगी नाही, इंजिन नुसतं मढं. एवढं लक्षात असू द्या.

मुलाखतीच्या सकाळी दव असं की छपरावरून ठिबकत होतं. शांताबाईनं फडक्यात गुंडाळलेली टोपी आणून दिली, मी ती बसवून क्लिपा दाबल्या. तेवढ्यात तिनं बॉनेटवर हात ठेवला.

"बाई, माझ्या लेकराला नांदेडला नेऊन सोड. मग नको होऊ सुरू, माझं काई म्हणणं न्हाई."

"अगं, ती लोखंडाची आहे."

"मग तुमी काहून शिव्या देता तिला?"

मी स्टार्टर दाबला आणि गाडी पहिल्या दाबात सुरू झाली! आखाडा बाळापूर आलं, कापसाच्या गाड्या मागं पडल्या, सुनंदा शेजारी उत्तरं पुटपुटत होती. चहाला थांबायची माझी हिंमत झाली नाही. पोरगी वेळेत आत गेली.

दुपारी ती हसत बाहेर आली. मी स्टार्टर दाबला. खर्र-खर्र... डोक्यावर ऊन, दवाचा मागमूस नाही. जवळच्याच मेकॅनिकला बोलावलं. त्यानं टोपी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहब, रोटर किधर है?"

"अंदर."

"अंदर तो कुछ नहीं. धक्का मारके लाए क्या?"

"कळमनुरी से चलाके लाया!"

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा सुनंदाकडे बघितलं आणि फार अदबीनं "अच्छा" म्हणाला. क्लिपा घट्ट होत्या, पडायला जागा नव्हती. शेवटी टोपी नवी, रोटर नवा, गाडी सुरू.

घरी पोचलो तर शांताबाई वाटी घेऊन दारात. "आवो, हे घरीच राहिलं व्हतं तुमचं. गाडी वळली आन् मला दिसलं."

वाटीत रोटर. माझाच, मी मागे कानशीनं घासला होता त्या खुणांसकट. दुसरा माझ्याकडे कधी नव्हताच.

शाळेतले सायन्सचे सर म्हणाले, दोन असतील. एक जुना ड्रायव्हर म्हणाला, तुमचा भास असेल. मीही हट्टाला पेटलो. रोटर काढून गाडी सुरू करायला बघितली – पहाटे, दुपारी, शेवटी अख्खी गल्ली लावून ढकलून. एकदासुद्धा धडधडली नाही. "सायेब, आता तरी लिंबू बांधा," किसनराव धापा टाकत म्हणाले.

सुनंदाची निवड झाली, ती आता नांदेडला इंजेक्शनं द्यायला शिकतेय. मला मात्र अजून काही उलगडलेलं नाही. शांताबाईला यात कोडंच दिसत नाही. "मी नेऊन सोड म्हणले व्हते तिला. आणून सोड म्हणायचं माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

हल्ली मी कुठं निघालो की ती बॉनेटवर हात ठेवून म्हणते, "जा, आन् बराबर परत ये." असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाहीच. पण तिचं बोलून होईपर्यंत मी स्टार्टर दाबत नाही.