डिकीची स्प्रिंग आणि पुढचे दात

"ओ मालक, आदी तोंड काढा बाहीर!" शेळी घेऊन चाललेला एक अनोळखी म्हातारा ओरडतच निमगाव केतकीतल्या आमच्या अंगणात शिरला.

मी गाडीच्या डिकीत वाकून जुनी स्प्रिंग काढत होतो. झाकणाला टेकू उसाच्या कांडक्याचा. त्या म्हाताऱ्या आबांनी झाकण खांद्यावर पेललं, कांडकं शेळीपुढं फेकलं आणि तिथं आमची पहार उभी केली. मग शेळीचंच दावं सोडून त्यानं ताणलेली स्प्रिंग बांधली, वर गोधडी टाकली आणि मला बाजूला उभं केलं. मोकळी शेळी माझ्या बायकोनं कानाला धरून ठेवली.

"आता पकडीनं हळू काढा. सुटली तर दात इंदापूरच्या स्टँडवर गोळा करावं लागत्याल."

बोलताना त्यांच्या पुढच्या दातांच्या जागी नुसती खिंड दिसली. अनुभवाचे बोल! मी मान मागं घेऊन, तोंड फिरवूनच पकड लावली.

जुनी स्प्रिंग निघाली, नवी बसली. माझी बत्तिशी शाबूत.

चहा देताना मी हळूच विचारलं, "आबा, तुमचे दात स्प्रिंगनंच नेले ना?"

"न्हाय. ऊस सोलताना गेलं."