भिकाजी मेस्त्रींची एकविसावी पायरी

पंच्याऐंशी साली रत्नागिरीत एका खाजगी संस्थेने घरांचे नकाशे काढायला शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स सुरू केला. आता कोकणाचं कल्याण होणार, याबद्दल आमच्या मोकाशी सरांना काडीचीही शंका नव्हती. सर साताऱ्याकडचे. त्यांनी जन्मात एकही घर बांधलं नव्हतं, त्यामुळे शिकवताना त्यांना कसलीच अडचण येत नसे. आम्ही विद्यार्थी अठरा. त्यातले सतरा माझ्यासारखे, बारावीत आपटलेले किंवा आपटता आपटता वाचलेले. अठरावे भिकाजी मेस्त्री. नाचणे गावचे सुतार, वय बेचाळीस.

मेस्त्रींनी तोवर साठेक घरं उभी केली होती. पण नवीन नियम आला. घराच्या परवानगीला नकाशा हवा, आणि नकाशावर कोर्स पास झालेल्या माणसाची सही हवी. म्हणजे घर मेस्त्रींनी बांधायचं आणि कागदावर नाव भलत्याचं. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. "माझ्या घरावर माझं नाव नको काय रे विठू?" असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी हो म्हटलं. एकोणिसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतो.

वर्गात मेस्त्री म्हणजे आमची फुकटची करमणूक. खिशातून पटाशी काढून ते पेन्सिलीला असं टोक करत की सर दोन पावलं मागे सरत. टी-स्क्वेअर त्यांनी पहिल्या दिवशी डोळ्यासमोर धरून पाहिला आणि तो वाकडा आहे असं जाहीर केलं. तो खरंच वाकडा होता. तरी पुढे सहा महिने आम्ही त्यानेच सरळ रेघा मारल्या.

एकदा सरांनी आम्हाला भगवती बंदराच्या वाटेवरच्या एका कौलारू घरासमोर बसवलं, स्केचिंगसाठी. मी झकास चित्र काढलं. दोन माड, एक होडी. होडी तिथे नव्हती, पण शोभत होती. मेस्त्रींच्या चित्रात कौलांच्या आतले वासे, रीपा, आढं, सगळं उघडं दिसत होतं.

"भिकाजी, जे दिसत नाही ते काढायचं नाही," सर म्हणाले.

"दिसत नाय, पण हाय ना सर. नायतर कौलं पडली असती."

मला होडीसकट शाबासकी मिळाली. मेस्त्रींच्या कागदावर लाल फुली.

चित्रात लांब जाणाऱ्या समांतर रेघा एका बिंदूत मिळतात हे सरांनी शिकवलं, तेव्हा मेस्त्रींनी त्या रेघा बिंदूपर्यंत बोटाने गिरवून पाहिल्या. मग हळूच मला म्हणाले, "माझ्या भिंती अशा एकमेकींना भेटायला निघाल्या, तर गिऱ्हाईक मला झाडाला बांधील." तरी त्यांनी ते शिकून घेतलं. रोज सायकलवरून येत, दुपारी कामावर जात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. दोन वर्षांत त्यांची रेघ माझ्या रेघेपेक्षा चांगली यायला लागली. याचा मला राग येत असे, आणि तो मी त्यांच्या धोतराची टिंगल करून भागवत असे.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात शेवटची परीक्षा. मुख्य प्रश्न जिन्याचा. उंची तीन मीटर, एक पायरी दीडशे मिलिमीटरची. भागाकार वीस. आम्ही सतरा जणांनी वीस पायऱ्या काढल्या आणि शेजारच्याच्या कागदात डोकावून खात्री करून घेतली. मेस्त्रींनी एकवीस काढल्या. त्यासाठी प्रत्येक पायरी किंचित कमी केली, आणि त्या एकवीस पायऱ्या इतक्या सारख्या होत्या की बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून बघत राहिले.

"वीस हव्यात," परीक्षक म्हणाले.

"साहेब, जिना विषम असतो. पयल्या पायरीवर उजवा पाय, तर वरच्या जमिनीवरपण उजवाच पडाया हवा. वीस केल्या तर माणूस डाव्या पायान घरात शिरतो. आमच्याकडे कोण राहायचा नाय असल्या घरात."

परीक्षक भला माणूस होता. म्हणाला, "अहो, या घरात कोणी राहणारच नाही. हा कागद आहे. दुसरा कागद देतो, अर्ध्या तासात वीस काढा. मी पास करतो."

सगळा वर्ग मेस्त्रींकडे बघत होता. काढा हो, काढा, असं मी मनात म्हणत होतो. मला खरंच ते पास व्हायला हवे होते. मेस्त्रींनी नवा कोरा कागद हातात घेतला, बोर्डावर लावला, पेन्सिल उचलली आणि बराच वेळ तशीच धरून बसले.

"जमायचा नाय साहेब," ते शेवटी म्हणाले. "काढल्या तर उद्या कोणतरी बांधील."

निकाल लागला. सतरा पास, एक नापास. मला पहिला वर्ग. ऑक्टोबरात पुन्हा बसता आलं असतं, पण मेस्त्री बसले नाहीत. तेव्हाही वीसच मागतील, म्हणाले.

दिवाळीनंतर मी पाटी लावली. पाटी फार सुंदर होती, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. पहिला माणूस आला तो भिकाजी मेस्त्री. काखेत नकाशाची गुंडाळी. कुवारबावच्या एका मास्तरांचं घर, ओटी, माजघर, माळा, जिना एकवीस पायऱ्यांचा. मी चूक शोधायचा मनापासून प्रयत्न केला. मिळाली नाही.

"हितं सही कर," ते म्हणाले आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे 'नकाशा काढणार' असं लिहून पुढची चौकट त्यांनी मोकळी सोडली होती. मी पेन उघडलं आणि थांबलो. चौकटीत पेन्सिलीच्या दोन बारीक, एकसारख्या रेघा होत्या.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"तुझी अक्षरं उतरतीला लागतात रे," मेस्त्री म्हणाले. "तुझं नाव तरी सरळ येऊ दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या दोन रेघांच्या मधोमध मी माझं नाव लिहिलं.