आम्ही गप्प केलेलं घर

हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे सकाळी आत, संध्याकाळी घरी, असं भाईजानच आम्हाला समजावत होता. तो आत गेला आणि जो बाहेर आला तो नुसता डोळे उघडे ठेवून पडून असतो. भूल दिलेली असताना त्याच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. अशा वेळी यंत्र केकाटतं म्हणे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, यंत्र वाजलंच नाही. खालच्या कोर्टाने ते मानलं आणि दोष कुणाचाच नाही असं ठरलं. मी इथे अमिरातीत, अजमानच्या फेडरल कोर्टात अपील केलं. हट्टी म्हणा हवं तर, पण माझ्या भावाचं हे आपोआप झालं, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नव्हती.

भाईजान दिवसभरात एकच वाक्य बोलायचा, दिवस मावळताना, मगरीबच्या नमाजाच्या सुमारास. "वो आवाज़ बंद करो यार."

रत्नागिरीचा माणूस, घरात आमच्याशी कधी हिंदी बोलला नाही, आणि 'यार' तर त्याच्या तोंडी कुणी ऐकलेलं नाही. आवाजही त्याचा नव्हता. पातळ, कंटाळलेला. माझ्या अंगावर काटा यायचा. भाभीला मात्र वाटलं, त्याला गोंगाट सोसवत नाही, आणि ती घर गप्प करत सुटली. अजान देणारं घड्याळ भिंतीवरून उतरलं. कुकर बंद, टीव्ही बंद. ऐन जुलैत तिने खोलीतला एसीसुद्धा बंद केला. आम्ही घामाने निथळत कुजबुजायचो, तरी वाक्य यायचंच. गावाहून चाचीने कळवलं, साया असेल, कसली तरी बाहेरची बाधा, कुणाकडून आयती पढून फुंकर मारून दम करून घ्या. तेही झालं.

अपिलात कोर्टाने डॉक्टरांची नवी समिती नेमली आणि तिने सगळ्यांना व्हिडिओवर बोलावलं. भाईजानला त्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून मी लॅपटॉप त्याच्या खाटेशेजारी ठेवला. भूल देणारे डॉक्टर इंग्रजीत तोलूनमापून सांगत होते, कसलाही अलार्म झाला नव्हता. मध्येच त्यांच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजू लागला. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "वो आवाज़ बंद करो यार."

तोच आवाज. भाभीने माझा दंड घट्ट धरला. मी भाईजानकडे पाहिलं, तर त्याची छाती हलत नव्हती. भाभीने खांदे धरून गदागदा हलवलं तेव्हा कुठे श्वास आला. मी इतका घाबरलो होतो की तो आवाज पुन्हा त्याच्या कानावर पडू नये म्हणून लॅपटॉप उचलून सरळ बाहेर लिफ्टपाशी गेलो.

"डॉक्टरसाब," मी म्हणालो, "अभी आपने जो बोला, वो एक बार फिर से बोलिए."

समितीसाठी भाषांतर करणाऱ्या दुभाष्याने विचारलं, काय बोलले? डॉक्टरांनी आपला माईक बंद केला.

निकाल अजून यायचाय. वकील म्हणतात, अशा माणसाचं बोलणं पुरावा धरत नाहीत, पण समितीपुढे त्याला एकदा बोलतं करता आलं तर बघा. पण त्या व्हिडिओच्याच संध्याकाळी मगरीब होऊन गेली आणि भाईजान बोलला नाही. त्यानंतर एकदाही नाही.