बारा घरं आणि एक रिकामा रकाना

नगरपालिकेत ओव्हरसिअर म्हणून लागलो तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि अक्कल, माझ्या मते, चाळिशीची. जिल्हा चांदा, पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं. गावाचं नाव सांगत नाही. यातली चूक माझी आहे, गावाला उगाच बट्टा नको.

गावाच्या तलावाला मातीची मोठी पाळ होती आणि पाळीखाली मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांची बारा कुटुंबं राहायची. तलाव भरला की पाणी त्यांच्या झोपड्यांतून वाहायचं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी त्यांच्यासाठी घरबांधणी मंडळ काढलं. नफा हा शब्द मंडळाच्या नियमांत एकदाच आला होता, तोही ‘घ्यायचा नाही’ हे सांगायला. नगरपालिकेनं टेकाडावर जागा दिली आणि दोन हप्त्यांत अनुदान मंजूर केलं. पहिला हप्ता जोत्यांना आणि भिंतींना, दुसरा छपराच्या लाकडाला आणि कवेलूंना. मजुरी घरच्यांनीच करायची. काम तपासून दुसऱ्या हप्त्याची शिफारस करणं माझ्याकडे होतं.

चैत्रात मी टेप घेऊन टेकाडावर गेलो. बाराही घरांच्या भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या. बारा ठिकाणी मोजून पाहिलं, इंचाचाही फरक सापडेना. खोट काढायच्या तयारीनं गेलेल्या माणसाला याचा रागच येतो.

“हे घर कोणाचं?” मी विचारलं.

तोंडात विझलेली विडी ठेवून माती तुडवणारी एक म्हातारी म्हणाली, “अजून त कोणाचंच नाई, साहेब.”

“आणि ते?”

“तेबी नाई.”

मला वाटलं, बाई माझी चेष्टा करते आहे. पण गुरुजींनीही तेच सांगितलं. सगळ्यांनी मिळून बाराही घरं बांधायची आणि वाटणी कवेलू चढल्यावर करायची, असं ठरलं होतं म्हणे. माझ्या फॉर्मात ‘घर कोणास दिले’ असा रकाना होता आणि रिकामा रकाना मला दातात अडकलेल्या काडीसारखा छळायचा. “बारभाईची शेती, काय लागेल हाती,” असं मी गुरुजींना सुनावलं आणि नावं भरल्याशिवाय शिफारस होणार नाही म्हणून बजावलं. गुरुजींनी काही सांगायला तोंड उघडलं, तर मी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी यादी आली. विहिरीजवळच्या घरापासून ओळीनं बारा नावं. म्हातारीचं नाव शेवटी, उताराच्या टोकाला, विहिरीपासून सर्वांत लांब. मी खूश झालो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो आणि जागीच उभा राहिलो. अकरा घरांच्या अकरा तऱ्हा झाल्या होत्या. तीन भावांच्या घराची भिंत डोक्याच्या वर गेली होती, कुणाची खांद्यापर्यंत, कुणाची वाकडी. जो तो आपापल्या घराला लागला होता. चांगल्या विटा ज्याच्या हाती लागल्या त्यानं त्या आपल्या दाराशी रचून ठेवल्या होत्या. म्हातारीच्या घरात पुरुष नव्हता, ती आणि तिची विधवा सून एवढीच माणसं. तिची भिंत कमरेएवढीच होती आणि एक कोपरा ढासळला होता. गेल्या पावसाळ्यात तिची झोपडी वाहून गेली होती. आता मृगाला महिना उरला होता आणि या भिंतींवर छप्पर चढणं शक्य नव्हतं.

ती माझ्या वाटेत आडवी आली. “साहेब, माहं नाव काहाडून टाका त्या कागदातून.”

“का? घर नको तुम्हाला?”

“पाहिजे ना. म्हणूनच सांगून राह्यली.” ती खाली बसली आणि मातीचे चार ढीग केले. “आमी मासोळ्याईचे हिस्से असे घालतो. एकजण पाठ फिरवून राह्यते. दुसरा एका हिस्स्यावर बोट ठेवते अन् पुसते, हा कोणाचा? पाठ फिरवलेला नाव घेते. कोणता कोणाचा हे आधी नाई सांगत. आधी सांगतलं त हिस्सा घालणाऱ्याचा हात लबाड होते. तुमी आधीच सांगतलं.”

एवढं शिकून मला जे कळलं नव्हतं ते तिनं चार ढिगांत दाखवलं. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. मी यादी आणि शिफारशीचा फॉर्म घेऊन तडक नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षांची धानाची गिरणी होती आणि आवाज गिरणीपेक्षा मोठा.

“रकाना रिकामा ठेवून सही करू? उद्या भांडणं झाली तर?”

“वाटणी मी स्वतः उभा राहून करून घेतो,” मी म्हणालो.

“नाही झाली तर तुम्हीच राहायला जा तिथे,” असं म्हणत त्यांनी यादी फाडली आणि फॉर्मावर सही केली. त्या माणसाला मी तोवर नुसता आरडाओरडा करणारा समजत होतो.

टेकाडावर जाऊन यादी रद्द झाली, वाटणी आता कवेलू चढल्यावर मासोळ्यांसारखीच होईल, असं सांगितलं तेव्हा तीन भाऊ माझ्यावर धावून आले. शिव्या मी मुकाट ऐकून घेतल्या, त्या माझ्याच हक्काच्या होत्या. दोन दिवस काम बंद राहिलं. मग प्रत्येकाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, की म्हातारीचं ते अर्धवट घर आता कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. तिसऱ्या दिवशी बाराही कुटुंबं त्या एका घरावर तुटून पडली. दाराशी रचलेल्या विटा परत आल्या. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे बाराजणांनी बारा वेळा पाहिलं. दुसरा हप्ता आला आणि मृगाच्या आत सगळ्या घरांवर कवेलू चढले.

वाटणीला नावं घ्यायला मी घरांकडे पाठ करून उभा राहिलो. वयानं सर्वांत मोठी म्हणून काठीनं घर दाखवायचं काम म्हातारीकडे होतं. खरं सांगतो, मी मनात पाप धरलं होतं. यादी विहिरीजवळच्या घरापासून सुरू झाली होती, म्हणजे वाटणीही तिथूनच होणार. पहिलं नाव तिचंच घ्यायचं, म्हणजे माझ्या चुकीची थोडी तरी भरपाई होईल.

मागून काठी उचलल्याचा आवाज आला. “हा कोणाचा?”

मी तिचं नाव घेतलं. वळून पाहतो तर काठी उताराच्या टोकाकडे, त्याच शेवटच्या घराकडे रोखलेली. मी पुन्हा करू म्हणालो. पण एकदा घेतलेलं नाव बदलत नाही, असं सगळ्यांनीच मला सांगितलं. बिचारीला पाणी लांबून आणावं लागणार, म्हणून बायका हळहळल्या.

बाकीची अकरा नावं उरकून मी तिच्या दाराशी गेलो. सून आत चूल मांडत होती. “मला तुम्हाला विहिरीजवळचं द्यायचं होतं,” मी कबूल केलं.

“मालूम होतं मले. पयलं नाव माहंच घ्यान म्हणून.” तिनं भिंतीवर थापटी मारली. “ते अकरा घरं ज्याचे त्यानं बांधले. याले बाराई घरचे हात लागले.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...”

“हिस्सा घालणाऱ्याचा हात लबाड होते,” ती विडी पेटवत म्हणाली, “हे म्या तुमाले पयलेच सांगतलं होतं.”