आवडी आणि चोरांचं पुस्तक

आवडी ही आपली सख्खी धाकटी बहीण. पोशीरच्या वाचनालयाची किल्ली तिच्याकडं असते. हे आधीच सांगून टाकलं, कारण तिला वाचायची गोडी आमीच लावली असं सांगणारे गावात आता बरेच निघालेत. कुणी लावली नाय. थोरला भाऊ म्हंजे आपण, नववीला दोनदा बसून टेंपोवर चढलो, ही बारावीला पंच्याहत्तर टक्के घेऊन आली. रक्त एकच. हुशारी सगळी तिकडं गेली, आणि थोरल्यानं ती मोठ्या मनानं जाऊ दिली, हे बी लिहून ठेवा.

वाचनालय म्हंजे देवळामागची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि बाहेर कमिटीची पाटी. अध्यक्ष हरीभाऊ, गेली अकरा वर्षं. अकरा वर्षांत कमिटीनं काय केलं म्हणाल तर पाटीला दोनदा रंग दिला. पुस्तकं म्हणाल तर थोरांची चरित्रं, पोथ्या आणि एक शेळीपालन. लोकांना हवं होतं फक्त शेळीपालन. ते एकानं नेलं, ते शेळ्यांसारखंच परत आलं नाय.

मागच्या दिवाळीत आवडी टेंपोत बसून कर्जतला आली आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन गेली. नाव 'सावल्यांचा किल्ला'. एका राजानं रयतेच्या सावल्या जप्त करून किल्ल्यात कोंडल्यात. ज्याला सावली नाय, त्याला गावात कुणी ओळख देत नाय. त्या सावल्या चोरायला पाच पोरं निघतात, सगळी सोळा-सतराची. एकीला नुसते पाखरांचे आवाज काढता येतात. एक खोटं बोलतो, पण झकास. एक इतका गप्प, की घरचे त्याला जेवायला हाक मारायचं विसरतात. म्हंजे गाव ज्यांना बिनकामाचं म्हणतं, तसली पाच. पण किल्ल्याला दारं बी पाच, आणि एकेका दाराला यातलंच एकेक माणूस लागतं. एक कमी पडला की चोरी फसली.

बारावी झाल्यावर दोन वर्षं आवडीला कुणी काय विचारत नव्हतं. लग्न कधी, एवढंच. ते पुस्तक वाचताना तिला पहिल्यांदा वाटलं की आपण बी कुठल्यातरी दाराचं माणूस असू. हे ती गावात बोलली नाय. घरी बोलली, भाकरी थापता थापता.

मग दर शनिवारी ती वाचनालयात मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्या शनिवारी पोरी तीन. मग डोंगराकडच्या वाडीतनं जनी यायला लागली, तासभर चालत. शिमग्यापर्यंत बावीस झाल्या, चपला काढायला जागा नाय. याची कमिटीनं दखल घेतली म्हणता? छे. कमिटीनं दखल घेतली ती एप्रिलात, हरीभाऊंच्या झाडाच्या कैऱ्या गेल्यावर.

झाडाखाली एक चिठ्ठी सापडली. वर परसाचा नकाशा, खाली कामाची वाटणी. पहिल्या ओळीत 'जनी, झाडावर, कुणी आलं तर कोकिळा'. हरीभाऊंचा चष्मा तेवढ्या एका ओळीपुरताच चालला.

रविवारी संध्याकाळी मिटिंग बसली. हरीभाऊ, त्यांचा जुना जोडीदार कमळ्या आणि आणखी दोघं. हरीभाऊंची बायको विमलकाकू घरनं चहा घेऊन आली होती.

"आवडे, हे चोरांचं पुस्तक रद्दीत टाक आणि किल्ली हितं ठेव," हरीभाऊ म्हणाले.

आवडीनं किल्ली टेबलावर ठेवली. "ठेवली. काका, तुमी वाचलंत का पुस्तक?"

"शेण हाय हे कळायला खावं लागतं काय गं?"

"मग दहा पानं ऐका. फाशी देताना बी शेवटची इच्छा विचारतात."

तिनं नेमकं चौथं दार काढलं. पहारेकरी जागा, पोरं भिंतीवर दोर टाकतायत, पाखरांच्या आवाजाची पोरगी वर बुरुजावर. चौथ्या पानाला हरीभाऊ हलले.

"थांब. पहारेकरी जागा असताना दोर टाकतात? आधी त्याला बोलण्यात घालायचा."

"आणि पाठवायचा तो वळखीचा माणूस," कमळ्या म्हणाला. "अनोळखी गेला की संशय."

"तुमाला बरं ठाऊक," आवडी म्हणाली.

विमलकाकूनं कप गोळा करता करता सांगितलं, "त्यांना नाय तर कुणाला? आमच्या बापाच्या गोठ्याचं दार शिमग्याला गेलं, तेव्हा कमळ्याभावजी ओट्यावर बसून बापाला म्हशीच्या दुधाचं विचारत होते. मागनं आमचे हे दार घेऊन पसार."

होळीसाठी लाकूड चोरायचं ही आमच्याकडची रीत. एकदा होळीवर चढलं की मालकानं मागायचं नाय.

"ती चोरी नाय, रिवाज हाय," हरीभाऊ म्हणाले.

"रिवाजापायी बाप महिनाभर गोठ्याच्या तोंडाशी खाट टाकून झोपला. त्याच घरची पोरगी मागायला गेलात, तेव्हा बी रिवाजच का?" काकूनं चिठ्ठी उचलली. "आणि हे पुरतं वाचा की. दुसरी ओळ. 'श्रिया, आजोबांना गोळ्यांची नावं विचारत बसणे'. अक्षर बी आपल्या नातीचंच."

हरीभाऊंनी चष्मा पुसून दुसरी ओळ वाचली. "सगळ्या गोळ्या विचारल्या तिनं. मला वाटलं, पोरीला काळजी."

कमळ्या खोकल्याच्या नावाखाली हसून घेत होता. पण अध्यक्ष म्हंजे अध्यक्ष. "ते काय असेल ते. ठराव तो ठराव. पुस्तक जाणार."

"बरं," आवडी म्हणाली, आणि तिनं पुस्तक मिटलं. बुरुजावर पोरगी एकटी, खाली दोर तुटलेला, तिथंच.

"अगं, पुढं?" कमळ्या म्हणाला.

"पुढचं रद्दीत."

ठरावाचा कागद टेबलावर. चौघांच्या खिशाला पेन होतं. एकानं बी हात लावला नाय. "उद्या बघू," हरीभाऊ म्हणाले आणि उठले. वाचनालयाचं कुलूप कसं लावतात हे अकरा वर्षांत कमिटीला कळलं नव्हतं, म्हणून किल्ली त्या दिवशी बी आवडीबरोबर घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आवडी झाडायला गेली, तर पायरीवर हरीभाऊ.

"ती वरची पोरगी उतरली का, तेवढं सांग."

"वाचा की. पण पुस्तक सभासदालाच देता येतं."

"मी अध्यक्ष हाय गं."

"अध्यक्ष हायात. सभासद नाय. अकरा वर्षांत एक पुस्तक नेलं नाय तुमी."

हरीभाऊंनी पायरीवर बसूनच फॉर्म भरला. आवडता विषय विचारला होता, तिथं लिहिलं 'अध्यात्म'. मग बंडीच्या खिशातनं जुन्या कॅलेंडरचं पान काढलं, गणपतीचं. पुस्तकाला नीट कव्हर घातलं, पोथीगत काखेत मारलं, आणि निघता निघता वळले.

"आणि त्या जनीला सांग. भरदुपारी कोकिळा एकसारखी ओरडत नाय. मधी मधी थांबायचं."