माजघरातला समुद्र

जगात समुद्र किती आहेत ते शिकलेल्यांना ठाऊक, पण त्यातला एक मुरुम गावी आमच्या माजघरात होता आणि तो आमच्या थोरल्या भावजींचा होता. तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. खरं म्हणजे त्यांनाही कधी नीट पाहिलं नाही. आमच्यात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडं ठेवायचं नसे, त्यांच्याशी बोलायचं नसे. त्यामुळं भावजी म्हणजे मला आठवतात टाचा झिजलेल्या चपला, डिझेलचा वास आणि हौदाच्या काचेत पडलेला चेहरा. पाण्यामागं अंधार असला की काच आरशासारखी व्हायची. त्या काचेतच मी त्यांना ओळखते. भुवया जाड होत्या आणि हसताना आधी कान हलायचे.

भावजी शेतकऱ्यांच्या खरेदी-विक्री संघाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. इथला गूळ आणि तूर कोकणात पोचवायचे. एका खेपेला समुद्राच्या कडेला खडकातल्या डबक्यात त्यांनी काहीतरी पाहिलं आणि तिथून परत आलेला माणूस वेगळाच होता. आल्या आल्या माजघरातली कणगी हलवली. तीन बाजूंनी सिमेंट आणि समोर ट्रकच्या काचेहून जाड काच लावून दोन माणसं पाय पसरून निजतील एवढा हौद बांधला. मग दर खेपेला दुधाच्या कॅनमधून समुद्र येऊ लागला. पाण्यामागून दगड आले, पण तेही जिवंत. त्यांच्या भोकाभोकांतून काहीबाही वळवळायचं. पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे आले, शंखात राहणारे खेकडे आले, आणि एक फूल आलं. ते फूल नव्हतंच, जनावर होतं. दगडाला चिकटून बसायचं, उन्हाची तिरीप आली की लालसर पाकळ्या पसरायचं आणि कुणी ओरडलं तरी मिटायचं नाही. मला ते फार आवडायचं.

आमचं घर लिंगायताचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या घरात मासे! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अय्यो शिवने! ह्याला सून आण म्हणलं तर मासळी आणली." फुलाला खायला सुकटीचा चुरा लागायचा. तो डबा गोठ्यात टांगलेला असे, आणि भावजी चुरा घालून आले की हात धुऊन, भस्म लावून मगच चुलीकडं फिरकत. "अव्वा, म्या खात न्हाय, ते खातंय," एवढंच म्हणायचे.

पाण्याला हवा लागते म्हणून त्यांनी ट्रकची ट्यूब फुगवून तिला सलाईनची नळी जोडली होती. ट्यूब दिवसभर हळूहळू श्वास सोडायची आणि पुन्हा भरावी लागायची. त्यामुळं आमच्याकडं येणाऱ्याला चहाच्या आधी पंप मिळायचा. भावजींसाठी स्थळ घेऊन आलेल्या एका पाहुण्यांनी भर उन्हात पंप मारला, घाम पुसला आणि चहा न घेताच निघून गेले. ते स्थळ तिथंच संपलं. संघाचे चेअरमन जाब विचारायला आले, "गाडीतून पाणी आणता म्हणं?"

"येताना गाडी रिकामीच असती साहेब. रिकाम्या गाडीला धक्के लई बसतात."

त्यांच्याही हातात पंप आला. तेवढ्यात एक खेकडा आपल्या शंखातून बाहेर येऊन शेजारचा मोठा शंख आतून चाचपू लागला. "घर लहान पडलंय त्याला. प्लॉट बघायलाय," भावजी म्हणाले. चेअरमन खेकडा नव्या घरात जाईस्तोवर हलले नाहीत आणि जेवूनच गेले.

माझ्याशी बोलायची वाटही भावजींनी हौदातूनच काढली. ते माशांकडं बघून म्हणायचे, "आज आमटीत मीठ कमी होतं म्हणावं." मी पदर ओढून, त्याच माशांना हळूच सांगायची, "मीठ पाण्यातच लई झालंय, म्हणून जिभेला कळंना." भावजींचे कान हलायचे. त्या घरात मी सगळ्यांत जास्त बोलले ती माशांशी.

मिठाचंही खोटं नव्हतं. उन्हाळ्यात हौदातलं पाणी उतरलं, तशी आधी नावं ठेवणाऱ्या सासूबाईंना माया फुटली. समुद्र अळणी होऊ नये म्हणून त्या रोज मूठभर मीठ टाकायला लागल्या. मासे तळाला जाऊन बसले. भावजींनी आईचा हात धरला, तेव्हा कुठं उलगडा झाला.

"अव्वा, आमटी आटली तर खारट होती का अळणी?"

"खारट."

"मग? ऊन पाणी नेतंय, मीठ इथंच ठेवतंय. ह्याला गोडं पाणी घालावं लागतंय."

समुद्राला गोडं पाणी लागतं, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच साली पाऊस आला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या विहिरीचा तळ दिसला. लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर रांग लागायची. आमच्या घरात खोलीभर पाणी आहे, ही बातमी फिरली आणि एक दिवस बाया घागरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. भावजींनी हौदातून तांब्या भरून पुढं केला. एका म्हातारीनं घोट घेतला आणि अंगणात थुंकून टाकला. "आगं बया! बाळंतिणीचा काढा बी एवढा वंगाळ लागत न्हाय." बाया हसत परत गेल्या. भावजी हसले नाहीत. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी परत हौदात ओतलं.

हौदाला रोज एक घागर लागायची. भावजी आपल्या वाटणीतलं पाणी घालायचे, अंघोळ चार मगात आणि चहा बाहेर. तेवढ्यानं भागेना. मग मी एक घागर जास्तीची आणू लागले. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. फूल मिटायला लागलं होतं, आणि मला ते मिटू द्यायचं नव्हतं.

एका दुपारी मी विहिरीवरून येत होते. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर तिसरी. समोरून भावजी आले. रीतीप्रमाणं ते तोंड फिरवून कुंपणाकडं बघत उभे राहिले. मी खाली बघून पुढं गेले. पण कमरेवरची घागर त्यांनी पाहिली. ती कुणासाठी, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

संध्याकाळी ते हौदासमोर बसले. "तुमच्यापायी धाकटी उन्हात पाय भाजून घ्यायलीय. आता बास. उद्या गाडी निघालीय. चला घरी."

सकाळी त्यांनी मासे कॅनमध्ये घेतले, मग खेकडे. फूल दगडासकट उचललं तेव्हा मला राहवलं नाही.

"भावजी, नका नेऊ. आणीन की मी पाणी."

सासूबाई चुलीपासून वळून बघायला लागल्या. भावजींनी टोपी पुढं ओढली, माझ्याकडं पाहिलं नाही. हातातल्या फुलालाच म्हणाले, "ऐकलंस का? बोलली आपल्याशी." मग फूल कॅनमध्ये ठेवत, "धाकटीला म्हणावं, तिकडं पाण्याला तोटा न्हाय. इथं माणसांनाच पुरंना."

खेप करून परतल्यावर त्यांनी रिकाम्या हौदाला सांगितलं, "फूल खडकाच्या खळग्यात ठिवलं. उघडलं लगेच." खरंच उघडलं, की माझ्यासाठी उघडलं, कोण जाणे.

पुढं पाऊस झाला, पण भावजींनी पुन्हा समुद्र आणला नाही. हौदात ज्वारी भरली. आमची मात्र पंचाईत झाली. बोलायचं कुणाकडं बघून? काही दिवस घर मुकं होतं. मग एकदा भावजी काचेसमोर उभे राहून ज्वारीला म्हणाले, "आज भाकरी गोड झाली म्हणावं." मी ज्वारीला सांगितलं, "दाणाच चांगला आहे." ते असेपर्यंत तेच चाललं.

आता ज्याच्यापुढं पदर घ्यावा असं घरात कुणी उरलं नाही. हौद तसाच आहे. काचेवर आत मिठाची एक पांढरी रेघ आहे, शेवटच्या दिवशी पाणी जिथं होतं तिथं. ती मी पुसत नाही. ज्वारी तळाला गेली की काच काळी होते आणि तिच्यात चेहरा दिसतो. माझाच असतो. तरी हात आपसूक पदराकडं जातो आणि मी हळूच सांगते, "आज आमटी नीट झालीय म्हणावं." मग जरा वेळ थांबते.